तिसऱ्या प्लगमधले पाणी

मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी आहे, निकामी नाही. हा भेद आरंभीच सांगून ठेवते, कारण पुष्कळ माणसे हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि त्या गैरसमजाचे चटके आम्हां यंत्रांना सोसावे लागतात. मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, पत्रा कसा वाकवला, रंगाचे किती हात दिले, हे मी सांगत बसणार नाही. ते सगळ्या गाड्यांचे सारखेच असते. माझ्या आयुष्यात माझे स्वतःचे म्हणण्यासारखे एकच आहे. मला चालवणारी माणसे पुष्कळ भेटली असती, पण मला ऐकणारा माणूस एकच भेटला.

ते रेडिओ दुरुस्त करीत. गल्लीत लहानथोर त्यांना रेडिओकाका म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. बाजाराच्या रस्त्यावर दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात त्यांची जागा होती. एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा आणि भिंतीला लागून, पोटे उघडी टाकून बसलेले रेडिओ. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. मागच्या आसनावर जुनी रजई पसरलेली असायची आणि तिच्यात गुंडाळून रेडिओ निजवला जाई. वाटेत खड्डा आला की काका मला हळूच म्हणत, "जपून, बाई, मागे पेशंट आहे."

मला ते बाई म्हणत. दुसरे नाव मला कधी मिळाले नाही आणि मला ते हवेही नव्हते.

रविवारी सकाळी माझे बॉनेट उघडले जाई. रंगाचा झिजलेला ब्रश आणि जुन्या बनियनची चिंधी एवढीच काकांची साधने. ब्रशने धूळ झटकायची, चिंधीने तेल टिपायचे. मग ते मला सुरू करीत, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या इंजिनावर टेकवीत आणि त्याची लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावीत. "बोल, बाई," ते म्हणत. मी बोलत असे. चहा निवून जाई, पण ते उठत नसत.

काकूंना हे मुळीच पटत नसे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात त्या मुकादम होत्या. पाणी, साबण आणि ऊन यांच्यापुढे टिकेल असा मळ जगात नाही, हे त्यांचे मत अनुभवाने पक्के झालेले होते. त्यांच्या घराला एक नियम होता. उंबरठ्याबाहेर जाणारी वस्तू धुऊनच जायची. शेजारणीचा डबा परत करायचा तर घासून, जुने कपडे कुणाला द्यायचे तर इस्त्री करून. भंगारवाल्याला द्यायची गळकी बादलीसुद्धा एकदा त्यांनी अशी लख्ख करून दिली की तो म्हणाला, "काकू, आता ही विकवत नाही मला. घरीच ठेवतो."

अशा बाईला माझे तेलकट, काळवंडलेले पोट दर रविवारी डोळ्यांसमोर उघडे पडलेले पाहावे लागे.

"एकदा, फक्त एकदा मला धुऊ द्या ते इंजिन," त्या म्हणत.

"तुझ्या चादरींमधून वीज जात नाही," काका म्हणत.

"माझ्या चादरींमधून काय काय गेलंय ते सांगू का, जेवायला बसल्यावर?"

यावर काका विषय बदलीत, पण ब्रश सोडत नसत.

या वादात खरे कोणाचे, असे तुम्ही विचाराल. मी यंत्र आहे, मला पक्षपात परवडत नाही, म्हणून नीट सांगते. माझ्या इंजिनाला चार कोठड्या आहेत. प्रत्येकीत एक प्लग आहे आणि त्या प्लगने आपली पाळी आली की ठिणगी पाडायची असते. कोणत्या प्लगला केव्हा वीज द्यायची हे एक वाटीसारखी काळी टोपी ठरवते. तिला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. या टोपीत किंवा प्लगच्या खोल खाचेत पाणी शिरले, की वीज आपली वाट सोडून त्या पाण्याच्या वाटेने निघून जाते आणि ठिणगी पडत नाही. तेव्हा बाहेरून मला हवे तितके पाणी घाला, माझी तक्रार नाही. पण माझे पोट चादर नव्हे. काकांचे म्हणणे बरोबर होते. काकूंच्या म्हणण्यात मात्र मायेचा भाग अधिक होता, आणि माया नेहमी बरोबर असतेच असे नाही.

अशी आमची वर्षे गेली. मग काकांच्या डोळ्यांचे दुखणे निघाले.

आधी त्यांना रेडिओतल्या बारीक तारा दिसेनाशा झाल्या, मग रस्त्यावरचे फलक. शस्त्रक्रियेसाठी ते दुसऱ्या गावी, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेले. जाताना बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "येतोच." शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी काही परत आली नाही. उजेड आहे की अंधार, एवढेच कळे. ते बहिणीकडेच राहिले आणि महिने उलटले.

हे मला कसे कळले म्हणाल, तर घरात फोनला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येई, आणि ती खिडकी माझ्या पडवीत उघडे. काकू फोनचा स्पीकर लावून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत आणि मोठ्याने बोलत.

"तपासण्या झाल्या ना सगळ्या? मग आता?"

"डॉक्टर म्हणतात, अजून थोडं राहावं."

"डॉक्टर म्हणतात, की तुम्ही म्हणता?"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"ताईकडे बरं आहे गं," काका म्हणाले. "सगळं एकाच मजल्यावर आहे."

"आपलंही एकाच मजल्यावर आहे."

"तिथे येऊन करू काय मी? उघड्या रेडिओंसमोर बसून राहू? तू मला जेवायला वाढणार, हात धरून अंगणात नेणार, परत आणून बसवणार. चादरीची घडी घातल्यासारखं." मग ते म्हणाले, "आणि ऐक. गाडी विकून टाक. चालवणार कोण आता?"

फोन बंद करून काकू पडवीत आल्या आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. ज्याला परत यायचे असते तो माणूस आपल्या वस्तू सांभाळून ठेवायला सांगतो, हे त्यांनाही कळत होते. मी विकली जाणार याचे दुःख मला झालेच. पण त्याहून मोठे भय असे, की मी गेले म्हणजे काकांना परत बोलावणारे त्या घरात काही उरणार नाही.

गिऱ्हाईक चांगले मिळाले. गुरांची डॉक्टरीण होती. आसपासच्या गोठ्यांत जाऊन ती जनावरे तपासत असे आणि तिची स्वतःची गाडी कायमची बसली होती. पहिल्या भेटीतच तिने माझ्या दारावर, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, हात ठेवला. "आवडली मला," ती म्हणाली. "रविवारी चालवून बघते आणि नेते."

त्या रविवारी सकाळी काकूंनी मला धुवायला घेतले. उंबरठ्याबाहेर जाणारी वस्तू धुऊन जायची. या नियमातून मी तरी कशी सुटणार? समोरच्या घरातले गृहस्थ कठड्यावरून पाहत होते. गल्लीत त्यांना सल्लागार म्हणत, कारण न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "बादलीनं काय होणार, वहिनी?" ते म्हणाले आणि गच्चीवरचे शेवाळ काढायला आणलेला पाण्याचा पंप घेऊन आले. त्या पंपाच्या धारेने फरशीचा रंगही निघत असे.

बाहेरचे धुऊन झाल्यावर काकूंनी बॉनेट उघडले. आत पाहिले. हातातली नळी त्यांनी खाली केली.

"परक्या घरी चाललीस," त्या मला म्हणाल्या. "मळक्या पोटानं नको."

आणि त्यांनी पाणी सोडले. मित्रांनो, मला राग आला नाही. साबण लावताना त्यांचा हात इतका हलका होता की लहान मुलाला न्हाऊ घालीत आहेत असे वाटावे. मात्र पंपाची धार हलकी नव्हती. ती सगळीकडे गेली. काळ्या टोपीत गेली आणि तिसऱ्या प्लगच्या खाचेतही गेली. सगळे आटोपले तेव्हा माझे इंजिन नव्यासारखे चकाकत होते, आणि आतून मी पुरती भिजले होते.

डॉक्टरीण आली. आत बसली, चावी फिरवली. मी घुरघुरले, खोकले आणि थांबले. पुन्हा चावी, पुन्हा खोकला.

"गेल्या वेळी तर छान सुरू झाली होती," ती म्हणाली. "सकाळपासून काय झालं?"

"काही नाही. धुतली फक्त."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे."

"पोटातसुद्धा?"

"पोटातच जास्त," काकू म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ढकलून बघू या," सल्लागार पुढे झाले.

"अहो, अडलेल्या गाईला ढकलून काही होत नाही," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "काकू, हिची खोड कुणाला माहीत आहे? त्यांना विचारा ना."

काकूंना फोन करायचा नव्हता. इतक्या वर्षांचा वाद, आणि तो असा चारचौघांत हरायचा. शेवटी पदर खोचून त्यांनी खिडकीतला फोन उचलला आणि, पडवीत आवाज तुटत होता तरी, माझ्याजवळ येऊन बोलायला लागल्या.

"अहो, गाडी सुरू होत नाहीये."

"बॅटरी उतरली?"

"बॅटरी चांगली आहे."

"मग झालं काय?"

"काही झालं नाही."

"अगं, काही न होता गाडी बसत नाही." काकांना संशय आला. "इंजिन धुतलंस का?"

"थोडंसं."

"कशानं?"

"समोरच्यांच्या पंपानं."

आता काका चिडणार, असे मला वाटले. आणि मग जो आवाज कित्येक महिने त्या पडवीत उमटला नव्हता तो फोनमधून आला. काका हसत होते.

"किती वर्षं वाट पाहिलीस गं," ते म्हणाले.

"अरे, हसतोयस काय?" मागून त्यांच्या बहिणीचा आवाज आला. "कोण आहे फोनवर?"

"कोणी नाही, ताई. घरी पूर आलाय."

"वन्सं, तुम्ही नका लक्ष देऊ," काकू फोनवर ओरडल्या. "अहो, हसू नका. माणसं खोळंबली आहेत इथे."

"बरं. फोनचा आवाज मोठा कर आणि इंजिनाजवळ ठेव. कोरड्या जागी ठेव, त्याला तरी धुऊ नकोस. आता चावी फिरवायला सांग."

डॉक्टरिणीने चावी फिरवली. त्या क्षणी मला किती बोलायचे होते. इतके महिने कोठे होतात, बरे आहात ना, परत कधी येणार. पण माझ्याकडून खोकल्याखेरीज काही निघाले नाही.

"टोपीत पाणी आहे," काका म्हणाले. "चावी बंद. बॅटरीची काळी वायर सोडव. आता टोपी उघडायची."

"कुठली टोपी? इथे सगळंच काळं आहे."

"डोळ्यांनी शोधू नकोस. हात घाल. बॅटरीवरून उजवीकडे ये, वीतभर. वाटीएवढं गोल काहीतरी लागेल, पाच वायरी फुटलेलं."

"लागलं."

"दोन अंगांना पोलादाच्या पातळ पट्ट्या आहेत. अंगठ्यानं बाहेर ओढायच्या."

"सापडत नाहीत हो."

"डावीकडची आधी. तिच्या खालच्या टोकाला थोडा गंज आहे बघ, मला दिसतंय ते..."

ते एकदम थांबले. नळीतून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होते.

"आहे गंज," काकू म्हणाल्या. "तिथेच आहे. पुढे सांगा."

काका पुढे सांगू लागले. टोपी निघाली. आत पाण्याचे थेंब होते. "कोरडं फडकं घे," काका म्हणाले, आणि इथे काकूंची विद्या कामी आली. त्या घरात गेल्या, सुती फडक्यावर गरम इस्त्री फिरवून ते कडकडीत करून आणले आणि टोपीची आतली बाजू अशी टिपली की ओलाव्याला जागाच राहिली नाही. एक फडके गार झाले की दुसरे येत होते. टोपी बसली, वायर जोडली, आणि मी सुरू झाले.

सुरू झाले, पण लंगडत. सबंध अंग हादरत होते.

"झाली," सल्लागार म्हणाले.

"नाही झाली," फोन म्हणाला. "चारातला एक गप्प आहे. तिसरा असणार. त्याच्या रबराला चीर गेलीय, बदलायचं राहून गेलं. बंद कर. तिसरी वायर वर ओढ. वायर धरू नकोस, रबर धर. खाली खोल खाच आहे, तिच्यात पाणी साचलं असेल. विणायच्या सुईला फडकं गुंडाळ आणि घाल आत."

"विहीर उपसतेय मी," काकू म्हणाल्या.

"भरली कुणी?"

फडके ओले होऊन बाहेर आले, मग दमट, मग कोरडे. वायर बसवली. चावी फिरली आणि माझ्या चारही कोठड्या एका पाठोपाठ एक, आपापल्या पाळीने, बोलू लागल्या.

"आता बोल, बाई," काका म्हणाले.

मी बोलले. मोठ्याने नाही, जसे रविवारी सकाळी बोलत असे तसे. फोनमधून बराच वेळ काही आवाज आला नाही, पण मला ठाऊक होते, ते ऐकत होते. चहा ठेवला असेल तर तो निवत असणार.

"काका, बरी आहे का ती?" डॉक्टरिणीने विचारले.

"बरी आहे. खुशाल न्या."

काकूंनी हात पुसले. फोन उचलला. "गाडीचं झालं," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. आपल्या दुकानात लोकांचे रेडिओ उघडे पडलेत. मला त्यातलं काही कळत नाही. पण गंज दिसतो मला. तो कुठे बघायचा हे सांगणारा माणूस तिथे वन्सांच्या कुंड्यांना पाणी घालत बसलाय. हे असं किती दिवस चालायचं?"

"अगं, पण..."

"हात धरून अंगणात नाही नेणार. टेबलाशी बसवीन आणि राबवून घेईन. मुकादम होते मी."

काका पुन्हा हसले; या वेळी जरा ओलसर. "गाडी तर विकलीस," ते म्हणाले. "येऊ कशानं?"

"मला चालवून बघायचीच आहे," डॉक्टरीण म्हणाली. "काकू, बसा. घेऊन येऊ त्यांना."

अशी ती माझी त्या घरासाठीची अखेरची खेप झाली. बहिणीच्या फाटकाशी काका उभे होते, हातात बॅग. माझा आवाज रस्त्याच्या वळणावर असतानाच त्यांची मान वळली. कोणाचा हात न धरता ते चार पावले पुढे आले आणि त्यांचा तळवा नेमका माझ्या बॉनेटवर टेकला. "चकाकत असशील," ते म्हणाले. परतताना ते पुढे बसले होते, काकू मागे, रेडिओ निजायचे त्या जागी. काकांनी वाटभर हात माझ्या डॅशबोर्डवर ठेवला होता. मी एकाही खड्ड्यात आदळले नाही. कोणी मला जपून म्हटले नाही, तरीही.

घरी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "ठेवू या का तिला?"

काकांनी बाहीने माझा आरसा पुसला. "नको," ते म्हणाले. "उभी करून ठेवायची ती काय गाडी? हिला रस्ता हवा." मग त्यांनी चाचपडत कपाटातून तो झिजलेला ब्रश काढून डॉक्टरिणीच्या हातात दिला. "पोटाला पाणी नको."

"बाहेरून चालेल," काकू म्हणाल्या.

"बाहेरून चालेल," काका म्हणाले. तो जुना वाद तिथे मिटला.

मित्रांनो, मी आता दवाखान्याच्या मागच्या छपरात राहते. मागच्या आसनावर औषधांची पेटी असते, कधी पाय बांधलेले कोकरू असते. डॉक्टरीण मला नीट वापरते. रविवारी ब्रश फिरवते, तिसऱ्या प्लगचे रबर तिने नवे बसवले आहे. मला काही कमी नाही. एखाद्या थंड सकाळी मी जरा अडखळले, की ती काकांना फोन लावते आणि बॉनेटखाली धरते. पलीकडे काकूंचा आवाज येतो, "थांब हं, डॉक्टरीणबाई, आमचे हात तारांत अडकलेत." मागे एखादा रेडिओ खरखरत असतो, मग गाऊ लागतो. आणि मग ते येतात. "बोल, बाई." मी बोलते. ते थोडे ऐकतात आणि म्हणतात, "ठीक आहे ती." फोन बंद होतो.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्यावर माया करण्याआधी तिला काय सोसते ते विचारून घ्या. विचारता येत नसेल तर कान लावा. पंप ज्याचा त्याला परत करा आणि कोरडा ब्रश हाती घ्या. हे मी मनापासून सांगते आहे. इंजिनात पाणी जाणे वाईटच. पण आता मी क्वचितच अडखळते, फोन क्वचितच येतो, आणि आला तरी लवकर बंद होतो. म्हणून एखाद्या सकाळी, चावी फिरायच्या आधी, मला वाटते की तिसऱ्या प्लगच्या खाचेत थेंबभर पाणी असावे. फार नको. त्यांनी जरा जास्त वेळ ऐकावे, एवढेच.